मुलांना घेऊन आपल्या भागातलं पर्यावरण शोधायचंय? पोस्टर नंतर काढा, आधी ओढ्यावर जा

५ जूनला आपल्याकडे शाळांना सुट्टी असते, त्यामुळे शाळा उघडली की राहिलेला पर्यावरण दिन उरकून घ्यायचा असतो. हिरव्या खडूने पृथ्वी काढायची, 'झाडे लावा झाडे जगवा', एक रॅली, आणि रॅली संपली की त्याच रस्त्यावर सरबताचे कप. मीपण पहिली दोन वर्षं अगदी मनापासून हेच केलंय, त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाहीये. तिसऱ्या वर्षी आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, आपल्या मागच्या ओढ्याला सकाळीच का वास येतो? दुपारी का नाही येत?" आणि मला उत्तर माहीतच नव्हतं. रोज नाकाला रुमाल लावून त्याच पुलावरून येत होते मी, पण दुपारी वास नसतो हे कधी लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

त्या एका प्रश्नावर आमचे तीन आठवडे गेले आणि तेव्हापासून दरवर्षी हेच करतोय. नव्याने सुरू करणारे शिक्षक, सोसायटीतले ताई-दादा, पालक बरेचदा विचारतात की नक्की कुठून सुरू करायचं, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहून काढलं. पुण्यातलं उदाहरण आहे, तुमच्याकडे ओढ्याऐवजी दुसरं काही असेल.

आधी नुसतं फिरा

पहिल्या दिवशी वही नाही, मोबाईल नाही. शाळेपासून चालत पंधरा मिनिटांच्या आत जेवढं येतं तेवढंच. मुलांना फक्त एवढं सांगा की परत आल्यावर प्रत्येकाने अशा तीन गोष्टी सांगायच्या ज्या रोज दिसतात पण कधी नीट बघितल्या नाहीत. वाहणारं चेंबर, झाडाच्या बुंध्यापर्यंत घट्ट ओतलेलं काँक्रीट, फांदीला खिळ्याने ठोकलेली क्लासची जाहिरात, थंडीत वॉचमनकाका पालापाचोळा आणि त्याच्यात मिसळलेल्या पिशव्या जाळतात तो कोपरा, टँकर कोणत्या सोसायटीत शिरतो आणि किती वेळा. मुलांची नाकं आणि कान आपल्यापेक्षा तिखट असतात हो, आपण फक्त गप्प बसायचं, हे मात्र शिक्षकांना फार अवघड जातं, मला तर जातंच.

परत आल्यावर जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला नकाशा काढायला लावा. स्केल वगैरे चुकू दे. उतार कुठून कुठे आहे ते मात्र बाणाने दाखवायला सांगा कारण पाणी, कचरा आणि वास तिघंही उताराचं ऐकतात. आणि घरी आजोबांना विचारायला सांगा की इथे आधी काय होतं. पुण्यात हा प्रश्न कधी वाया जात नाही, आंबिल ओढ्याचा प्रवाहच मुळात पेशवाईत नानासाहेबांच्या काळात वळवलेला आहे आणि आज ज्याला लोक नाला म्हणतात तो बऱ्याच ठिकाणी चांगला नाव असलेला ओढा असतो. आमच्या वर्गात अर्ध्या मुलांना ते गटार वाटत होतं. गटार म्हटलं की घाण असणारच असं धरूनच चालतो आपण, म्हणून आम्ही पहिल्या दिवसापासून ओढाच म्हणायचं ठरवलं.

प्रश्न छोटा करा, अजून छोटा करा

इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. 'पुण्यातील जलप्रदूषण' हा प्रश्न नाही, ते फाईलच्या कव्हरवरचं नाव आहे. त्याचं उत्तर मुलं इंटरनेटवरून उतरवून आणणार आणि तुम्ही मार्क देणार. माझी चाचणी साधी आहे. उत्तर चालत जाऊन मोजता किंवा विचारता येतं का, तीन आठवड्यांत होईल का, आणि उत्तर मला स्वतःला आधीच माहीत आहे का? माहीत असेल तर तो प्रश्न सोडून द्या, कारण मग मुलं ओढ्याकडे नाही तर तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर शोधतात.

पाषाणजवळ असाल तर तलावातली जलपर्णी कोणत्या आठवड्यात कुठल्या काठाकडून वाढते ते बघा. वेताळ टेकडीजवळ असाल तर गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) झाडांखाली किती प्रकारची रोपं उगवतात आणि मोकळ्या गवताळ भागात किती, मीटरभर बाजूचा दोरीचा चौकोन टाकून मोजता येतं. दोन्ही जवळ नसेल तर शाळा सुटताना गेटबाहेर किती गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या असतात एवढं मोजा, हा प्रश्न पालक मीटिंगला मस्त गाजतो.

प्रश्न ठरला की मोजायच्या आधी प्रत्येकाचा अंदाज कागदावर लिहून पाकिटात बंद करा. आमच्या ३६ पैकी २९ मुलांनी लिहिलं होतं की कुठलीतरी कंपनी रात्री केमिकल सोडते. बातम्यांमध्ये तसं असतं म्हणून. माझाही अंदाज तोच होता, खोटं कशाला बोलू.

परवानग्या आणि जपणूक

हे पटकन सांगते पण टाळू नका. पालकांची लेखी संमती, दहा मुलांमागे एक मोठं माणूस, पाण्यात कुणीही उतरायचं नाही, पाणी दोरीला बांधलेल्या बादलीने पुलावरून काढायचं, हातमोजे, नंतर साबण. पावसाळ्यात ओढ्याकाठी अजिबात नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते दक्षिण पुण्यात कुणालाही विचारा, वर कात्रजच्या बाजूला धो धो पडला की खाली पाणी चढायला वेळ लागत नाही. आम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढंच काम करतो. आणि काठावर राहणाऱ्या लोकांचे, कचरा वेचणाऱ्या मावशींचे फोटो न विचारता काढायचे नाहीत, त्यांचं घर म्हणजे आपला प्रोजेक्ट नाही.

काय मोजायचं, आणि कशाच्या नादी लागायचं नाही

सगळे आधी पीएच पट्ट्या आणतात कारण स्वस्त असतात आणि रंग छान येतो. आम्हीपण आणल्या. पुलाखाली नाक धरून उभं राहिलेली मुलं आणि पट्टीवर रीडिंग ७ च्या आसपास, म्हणजे कागदोपत्री पाणी एकदम फर्स्टक्लास. घरगुती सांडपाण्याचा पीएच बहुतेक वेळा सातच्या आगेमागेच असतो, त्यामुळे पट्टी मैला पकडत नाही, ती ॲसिड किंवा अल्कली पकडते. टीडीएस मीटरचं तेच, तो विरघळलेले क्षार सांगतो, जंतू नाही. मुलांना हे आधी सांगू नका, पट्टी आणि नाक यांचं भांडण त्यांना स्वतःला होऊ द्या, त्या दिवशी वर्गात जी चर्चा झाली तशी मी धडा शिकवून कधी झाली नाही.

मग कामाला आलं मिथिलिन ब्लू. जीवशास्त्राच्या लॅबमध्ये स्लाइड रंगवायला ठेवलेलं असतं तेच. काचेची बुचाची बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, दोनचार थेंब टाकायचे, बूच घट्ट लावून कपाटात अंधारात ठेवायची आणि रंग कधी उडतो ते बघायचं. पाण्यात जिवाणूंना खायला जेवढं जास्त तेवढा ते ऑक्सिजन लवकर संपवतात, आणि ऑक्सिजन संपला की निळा रंग जातो. शेजारी नळाच्या पाण्याची एक बाटली तुलनेला ठेवा. आमची सकाळी आठची बाटली शाळा सुटेपर्यंत पांढुरकी पडली आणि दुपारी दोनची दुसऱ्या दिवशीही निळी. मुलं मधल्या सुट्टीत डबा सोडून कपाट उघडून बघायला पळायची. सारखं उघडू नका, उजेड येतो, असं ओरडून माझा घसा बसला.

दुसरं, प्रवाह. पुलाच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, काठाने टेपने १० मीटर मोजून दोन खुणा करा आणि लिंबू सोडा. लिंबूच का, तर अर्धंअधिक पाण्यात बुडून तरंगतं, वाऱ्याने भरकटत नाही, पिवळं दिसतं आणि हरवलं तरी पर्यावरणाला काही होत नाही. आमचं लिंबू २५ सेकंदांत गेलं, म्हणजे सेकंदाला ०.४ मीटर. पात्र २ मीटर रुंद, दोरीला दगड बांधून पुलावरून पाचसहा ठिकाणी मोजलेली सरासरी खोली २० सेंटीमीटर. गुणाकार करा आणि त्याला पुन्हा ०.८५ ने गुणा कारण वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात पळतं. सेकंदाला साधारण १३६ लिटर आलं. एका मुलाने तेवढ्यावर न थांबता तासाचा हिशोब केला आणि ओरडला, "मॅडम, दहा हजारवाले ४९ टँकर!" पुण्यातल्या मुलाला लिटर कळत नाहीत, टँकर कळतो.

जिवंत पुरावाही बघा. काठाचा थोडा चिखल बादलीने काढून पांढऱ्या ट्रेमध्ये ओतला की लाल बारीक अळ्या वळवळताना दिसतील, त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं म्हणून लाल, त्यामुळेच त्या ऑक्सिजन कमी असलेल्या गाळातही तग धरतात. चतुराची पिल्लं आणि खेकडे दिसले तर गोष्ट वेगळी, पाणी बरं आहे म्हणायचं. आम्हाला नुसत्या लाल अळ्या.

आवाज मोजणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की मोबाईलचं ॲप खरा आकडा देत नाही, पण एकाच फोनने घेतलेल्या दोन जागांची तुलना बऱ्यापैकी चालते. रहिवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि १० डेसिबल वाढले म्हणजे थोडासा आवाज वाढला असं नसतं, ध्वनीची तीव्रता दहापट होते, म्हणून डेसिबलची साधी सरासरी काढू नका. विसर्जन मिरवणुकीत सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांत जाऊन आवाज मोजतात, बरीच वर्षं हे चाललंय, आणि त्यांच्या आकड्यांना पेपरात जागा मिळते ती भारी मशीनमुळे नाही, त्याच त्या चौकांत, ठरलेल्या वेळांना, वर्षानुवर्षं मोजतात म्हणून. हवेसाठी स्वतः मोजायच्या भानगडीत पडू नका, पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या 'सफर' या हवा मोजणाऱ्या यंत्रणेचे आकडे मिळतात, मुलांनी रोज ते टिपावेत आणि शेजारी त्या दिवशी काय जळत होतं, किती थंडी होती ते लिहावं.

गुरुवारचं रीडिंग

आता माझी चूक सांगते. तीन गट केले होते, रोज सकाळी आठ आणि दुपारी दोन, त्याच पुलावर त्याच कठड्याजवळ, वास १ ते ५ मध्ये, फेस आहे की नाही, लिंबाचे सेकंद, पाण्याचं तापमान. पहिल्याच आठवड्यात मी म्हणाले की रकाना रिकामा राहिला तर मार्क कापेन. झालं. एका गटाच्या वहीत सहाही दिवस सकाळी तापमान बरोब्बर २५, वास ४, फेस आहे. डिसेंबर महिना, सकाळी स्वेटर घालून येणारी मुलं आणि पाणी रोज २५. घरी बसून भरलं होतं सगळं. ओरडले मी, पण नंतर वाटलं की हे माझ्यामुळेच झालं. रिकाम्या रकान्याला मार्क कापले की मुलं तो कसाही भरणारच.

आणि दुसऱ्या गटाच्या वहीत गुरुवारसमोर लिहिलेलं, 'वास १, फेस नाही, लिंबू अडकलं.' मी म्हटलं ही पण थाप, बुधवारी ४ आणि शुक्रवारी ४, मधेच १ कसा येईल. त्यांना बोलले. ती पोरं रडकुंडीला आली, "मॅडम खरंच वास नव्हता, पाणीच कमी होतं." मग पुढच्या आठवड्यात गुरुवारी मी स्वतः गेले त्यांच्याबरोबर. वास पुन्हा ४ च, पाणी फेसाळ. आता काय?

उलगडा झाला तो वर्गात नाही, ओढ्याकाठच्या एका आजींकडे.

लोकांना विचारा, पण ऐकायला जा

मुलाखतीचे वीस प्रश्न छापून नेऊ नका. दोनच प्रश्न, आधी इथे कसं होतं आणि तुम्हाला कशाचा त्रास होतो, आणि मग गप्प. पाणी देतील, चहा विचारतील, बसा. दोन मुलींनी विचारलं की आजी, आधी पाणी कसं होतं, तर म्हणाल्या, "अगं, पाणी काय विचारतेस, तेव्हा दर दिवाळीच्या आधी मी इथं गोधड्या धुतल्यात. पोरं खेकडे धरायची." मग भिंतीवर कोपराएवढ्या उंचीवर हात ठेवून, २०१९ ला इथवर आलं होतं. मुलींनी तिथे टेप लावला, ९४ सेंटीमीटर. आणि निघता निघता सहज, "सकाळी नळाला पाणी असतं ना सहा ते नऊ, तेव्हा जास्त वाहतं बघ हे. मागे एका गुरुवारी पाणी बंद होतं, तेव्हा बरं वाटलं जरा."

पुण्यात राहणाऱ्याला गुरुवारी पाणी बंद म्हणजे काय ते सांगायला नको. दुरुस्तीसाठी बंद ठेवायचं तर बहुतेक वेळा गुरुवारच. मुलांनी जुन्या बातम्या काढल्या, त्या पहिल्या गुरुवारी आमच्या भागात पाणी बंद होतं, दुसऱ्या गुरुवारी नव्हतं. म्हणजे ओढ्याचं घड्याळ नळाच्या घड्याळाला लावलेलं होतं. नळ सुरू, अंघोळी, भांडी, धुणं, कुठलीतरी ड्रेनेज लाईन भरून वाहते आणि ओढ्यात येते. दुपारी नळ बंद, ओढा शांत. पाकिटं उघडली तेव्हा २९ कंपन्या निघाल्या आणि एकाही पाकिटात 'आपण' नव्हतं. ज्या पोरांना मी बोलले होते त्यांची सगळ्या वर्गासमोर माफी मागितली, दुसरं करणार काय.

कागद शोधा

जागा शोधायला मुलं पुलापासून उलट्या दिशेने चालत गेली, दर पन्नास पावलांवर वासाला मार्क, आणि साधारण साडेतीनशे पावलांवर एक झाकण हललेलं चेंबर सापडलं, सकाळी बुडबुडे, दुपारी कोरडं. इथे थांबा. झाकणाला हात लावायचा नाही, आत वाकून बघायचं नाही, आतला वायू जीव घेतो. फोटो, वेळ, जवळचा विजेचा खांब नंबर, बास.

मग महापालिकेचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल चाळा, दरवर्षी निघतो, मराठीत असतो, आणि शहराचे आकडे त्यात असतात. आपल्या ओढ्याचं काही नसेल तर तेही मुलांना कळू दे. हवी ती माहिती मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे, २००५ चा कायदा, १० रुपये फी आणि ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. अर्ज शिक्षकाच्या किंवा पालकाच्या नावाने करा, मुलांचे पत्ते देऊ नका. प्रश्न विचारताना 'का' विचारू नका, कागद मागा, 'अमुक लाईनची मागच्या वर्षभरातली देखभालीची नोंद' असं. 'का'ला उत्तर येत नाही.

परत जाऊन सांगा

बहुतेक प्रोजेक्ट फाईलमध्ये मरतात. आमच्या मुलांनी एकच तक्ता केला, चौदा दिवस, सकाळ निळी रेघ, दुपार हिरवी, आणि पाणी बंदचा गुरुवार लाल गोलात. वर कुणाला दोष नाही, शेवटी घोषणा नाही. तो तक्ता आधी आजींना दाखवला, मग चेंबरसमोरच्या दोन सोसायट्यांच्या मीटिंगला. एका चेअरमन काकांनी ताबडतोब सांगितलं की आमची लाईन क्लीन आहे, शेजारच्यांची असेल. मुलं म्हणाली, काका आम्ही तुमचं म्हटलंच नाही, आम्ही वेळ म्हटली. तेवढं शिकवून ठेवा त्यांना, कामाला येतं.

मग महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात. दोनदा साहेब साईटवर होते, तिसऱ्यांदा भेटले. त्यांनी तक्रारवह्या बऱ्याच बघितलेल्या असणार, तक्ता हातात घेऊन पहिलाच प्रश्न विचारला, "किती वाजता वाहतं?" आजवर जो येतो तो म्हणतो कायम वाहतं, आणि त्यांची माणसं येतात दुपारी, तेव्हा कोरडं. चार मुलांनी एकदम उत्तर दिलं, सात ते साडेनऊ. पुढच्या सोमवारी सकाळी गाडी आली, लाईन साफ झाली, झाडाची मुळं आणि फडक्यांचा एक बोळा निघाला म्हणे. आठवडाभर सकाळचा वास २ वर आला. फेब्रुवारीत पुन्हा ३. म्हणजे एवढं एकच चेंबर नव्हतं, वर अजून कुठेतरी आहे.

ती वही आता नव्या आठवीकडे गेलीये, साडेतीनशे पावलांच्या पुढे ती मुलं मोजणार आहेत. पहिल्या पानावर जुन्या बॅचने सूचना लिहून ठेवल्यात. वेळ खरी लिहा. रकाना रिकामा राहिला तर राहू दे, मॅडम आता मार्क कापत नाहीत. आणि लिंबं घरून आणा, शाळेजवळचा दुकानदार दहाला एक देतो.